धर्मपालचा ट्रॅक्टर आणि गावची गुरं

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत उभा जन्म घालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर काय करावं? घरी बसावं, वर्तमानपत्र वाचावं. पण धर्मपाल रामटेकेनं रायपूरजवळच्या नव्या राजधानीच्या त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांच्याही पलीकडे तीन एकर धानाची जमीन घेतली, धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, गोठा बांधून तीन गायी आणल्या आणि मग ट्रॅक्टर पाहायला निघाला. तो वर्षभर पाहतच राहिला. पोरीसाठी स्थळ पाहतानाही लोक इतके उंबरे झिजवत नाहीत.

थकला होता हो तो. गुडघे गेलेले, कमरेला पट्टा. तरी प्रत्येक दुकानात ट्रॅक्टरखाली वाकून जोड तपासायचा आणि उठताना कुणाचा तरी हात मागायचा. दुकानातली पोरं म्हणायची, "अंकलजी, बड़ा लीजिए, शान दिखती है." शान कोणाले दाखवायची? याच्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, एवढ्याशा, मोठा ट्रॅक्टर वळवायचा तर धुराच फोडावा लागेल. शेवटी मुलगा प्रशिकच कंटाळून बोलला, "पापा, छोटा वाला ले लो ना, बात ख़तम करो." आता प्रशिकला मराठी कळते सारी, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

छोटाच घेतला. खरी अडचण मात्र तणसाची होती, म्हणजे धानाच्या पेंढ्याची; इथले लोक त्याले पैरा म्हणतात. कापणीची मशीन धान घेऊन जाते आणि तणस मागं पसरून ठेवते. ते वाकून गोळा करणं धर्मपालच्या कमरेनं होणार नव्हतं. म्हणून त्यानं ट्रॅक्टरमागं लावायचा दात्यांचा रेक घेतला, तणस ओळीत ओढून आणायला. गठ्ठे बांधणारं बेलर मात्र छोट्या ट्रॅक्टरला ओढवत नाही. ते भाड्यानं सांगायचं ठरवलं. ओल्या तणसाचे गठ्ठे आतून गरम होतात, बुरशी धरते, हेही त्यानं चार जणांना विचारून घेतलं होतं. नवखा होता, पण बावळट नव्हता.

बायको शेवंता हे सारं पाहत होती. एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमची हौस झाली नं? आता माह्यं ऐका. येत्या उन्हाळ्यात चारा विकत आणाची पाळी आली, त गायी विकाच्या अन् वावर दुसऱ्याले कसाले बटईनं द्याचं. तुमच्या जिवाचे हाल मले पाहवत नाही."

"हव," धर्मपाल म्हणाला. ती खोटं थोडीच बोलत होती.

तर त्या वर्षीची कापणी झाली. धर्मपालनं रेक फिरवला, तणसाच्या सरळ ओळी लावल्या आणि उन्हात वाळू दिल्या. बेलरवाल्याला दिवस दिला. त्याच्या आदल्या सांजेला गावच्या कोटवारानं हांका दिला, चौकीदाराची दवंडीच ती: उद्यापासून गुरं ढिली, कुठंही मोकळी चरणार. धर्मपालनं तो कानानं ऐकला, बरं का. आजूबाजूच्या लोकांनी आपापला पैरा कापणीच्या दिवशीच खळ्यावर नेऊन टाकला होता, हेही डोळ्यानं पाहिलं होतं. पण त्याले वाटलं, हे गाववाल्यांचं गाववाल्यांसाठी. आपली तर जमीन रजिस्ट्रीची, नावावर चढलेली, तिथं कोण येणार? स्कूटर काढली आणि आपला रायपूरला घरी निघून गेला.

सकाळी बेलर घेऊन आला, तर वावरात सारं गाव चरून राहिलं होतं. गायी, बैल, म्हशी, बकऱ्या. अर्धं तणस पोटात, अर्धं खुरांखाली आणि शेणात. बेलरवाल्यानं खाली उतरून एक फेरी मारली, म्हणाला, "अब इसमें क्या बांधूं, अंकल?" आणि मशीन परत वळवलं.

धर्मपालचं डोकं फिरलं. दुखऱ्या कमरेनं धावला, हाती लागली ती एक बांडी गाय दोरीनं ट्रॅक्टरला बांधली आणि ओरडला, "कोणाची हाये? कोंडवाड्यात टाकतो हिले!"

एक म्हातारी पुढं आली. सुकवारा तिचं नाव. तिच्याजवळ जमिनीचा तुकडा नव्हता, ही एकच गाय होती. "मोर ए, बाबू," ती म्हणाली.

"माह्या वावरात काहून सोडली?"

"धान कटगे, त खेत सबके ए." भांडायचा सूर नव्हता तिचा. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं आणि ट्रॅक्टरच्या चाकाशी जाऊन बसली, गाय सुटायची वाट पाहत.

असं बसणं धर्मपालनं आधी पाहिलं होतं. भंडाऱ्याकडं, त्याच्या लहानपणी, बापाची एकुलती गाय गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या वावरात गेली म्हणून कोंडवाड्यात टाकली होती. बाप दिवसभर असाच दाराशी बसून होता. मालगुजाराचा माणूस धुऱ्यावरून जे ओरडला होता, ते शब्द आज धर्मपालच्या तोंडून निघाले होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की दोरीची गाठ सुटेना. म्हातारीनंच सोडली.

घरी येऊन त्यानं शेवंताला सारं सांगितलं. ती म्हणाली, "साऱ्या रायपूरले विचारत हिंडले. धुऱ्यापल्याडच्या माणसाले एक शबुद नाही विचारला."

"नाही विचारला," तो म्हणाला. "चारा त गेलाच. विकून टाकू गायी. मी थकलो, शेवंता."

तिनं लगेच हो म्हटलं नाही, तरी त्यानं फोन करून एक गिऱ्हाइक ठरवलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायला गायी धुवायच्या म्हणून दोघंही वावरात गेले. गावाचा कळप वाटेनं चालला होता. मागून सुकवारा येत होती. गोठ्यातल्या बांधलेल्या तीन गायी पाहून ती थांबली, जरा रागावलीच. "कइसे बांध के रखे हस गा? तहूं ढील दे न. मोर संग जाही."

तूही सोड, माझ्यासंगं जातील, असं म्हणत होती ती. धर्मपालनं शेवंताकडं पाहिलं. शेवंता म्हणाली, "पाहता काय? सोडा. गावासंगं चरतीन त चारा कायले विकत आणाचा?"

त्यानं सोडल्या. तिन्ही गायी कळपात शिरल्या, वाट सोडून समोरच्या कापलेल्या वावरात उतरल्या. वावर कोणाचं होतं, त्याला ठाऊकही नव्हतं. मालक पलीकडच्या धुऱ्यावर उभा होता. धर्मपालचा हात आपोआप वर गेला, गायी वळवायला, आणि तो खांदे आखडून उभा राहिला, आता ओरडेल म्हणून.

मालकानं गायींकडं पाहिलं आणि पाठ फिरवून आपल्या कामाला लागला. कोणी ओरडलं नाही.