पारूवहिनीचा पाला

आमची पारूवहिनी बेडकांची राखण करते, असं उमरोळीत कोणीही सांगेल आणि सांगताना हसेल. मी तिचा सख्खा धाकटा दीर, शेजारच्याच घरात राहतो, आणि सगळ्यात जास्त मीच हसलो आहे. तिच्या मागच्या दारी वाडीत एक तळं आहे. तळं म्हणजे काय, चार खाटा मावतील एवढा खड्डा. घर बांधताना विटा घरीच पाडल्या, त्या मातीचा. माझा भाऊ तो बुजवणार होता. पण पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं, बेडूक आले, आणि नवी नवरी असलेली पारूवहिनी म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या, त्यांनी घर केलं." भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. खड्डा तिथेच आहे.

तळ्याचा खरा त्रास हिवाळ्यात. काठावरचा बदाम पौषात लाल होतो आणि पुढे दोन महिने पानं गाळत बसतो. ती पाण्यात कुजली की पाणी काळं पडतं आणि असा वास सुटतो की जेवण जात नाही. म्हणून वहिनी रोज सकाळी लांब दांड्याच्या दाताळ्याने पाला ओढून काढते. बरं, काढला तर सरळ खतात टाकावा की नाही? नाही. ढीग काठालाच ठेवायचा, अख्खी रात्र, आणि दुसऱ्या दिवशी उचलायचा. का, तर पाल्याबरोबर वर आलेल्या गोगलगाई, चतुराची पिल्लं, एखादा बेडूक, यांना सरपटत परत पाण्यात जाता यावं. मी बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवलं. एका कामाला दोन दिवस लावलेले मला बघवत नाहीत. तसं मी तिला सांगितलंही.

"मग नका बघू, भावजी," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने पडली, पाला तसाच राहिला, आणि तळ्याने सगळी आळी नाक दाबून चालायला लावली. त्यातच नातीला, किंजलला, डेंगी झाला. डास कुठला होता कोण जाणे, पण शैलेशने, वहिनीच्या मुलाने, खड्ड्यालाच धरलं. पोर आठ दिवस सलाईनवर होती. बापाचं काय चुकलं म्हणायचं? या दिवाळीत त्याने आईला समोर बसवून सांगितलं, "होळीपर्यंत बघतो. वास आला, तर मुरूम टाकून बुजवणार. नाय आला, तर परत नाव नाय काढणार."

"चालंल," वहिनी म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच काठावर हजर.

पण गुडघे तिचे. खाली वाकली की वर येताना "आई गं" ऐकू यायचं, आणि ते भिंतीपलीकडून ऐकून माझंच दुखायला लागायचं. मला वाटलं, आपण शहाणे आहोत, काही तरी युक्ती काढू. सातपाटीच्या एका मित्राकडून नायलॉनचं जुनं जाळं आणलं आणि तळ्यावर ताणून बांधलं. पाला जाळ्यावर पडेल, सकाळी झटकून टाकायचा, काम खलास. वहिनी नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मी कोणाचं ऐकतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यात हातभर लांब दिवड अडकलेली. पाण्यातला बिनविषारी साप, पण साप तो सापच. सुटायला जेवढी धडपड करत होती तेवढे फास आवळत होते. मी कात्री घेऊन गेलो आणि दोन हातांवर थांबलो. वहिनीने पदर खोचला, कात्री माझ्या हातातून घेतली आणि गुडघाभर गार पाण्यात उतरली. पदराच्या टोकात तिचं डोकं धरून एकेक फास कापायला तासभर गेला असेल. दिवड तिला दोनदा चावली. "तिला काय माहीत, मी कोण ते," वहिनी म्हणाली आणि कापत राहिली. शेवटचा फास तुटला, दिवड सळसळत पाण्याखाली गेली. मग वहिनी वर यायला निघाली, चिखलाच्या काठावर पाय सटकला, आणि उजव्या मनगटावर पडली.

पालघरला नेलं. हाड मोडलं होतं. सव्वा महिना प्लॅस्टर, आणि बदामाची पानगळ ऐन भरात.

मला माझीच लाज वाटली. ती मी कोणाला सांगितली नाही, दाताळं उचललं. पहिल्याच दिवशी भरभर पाला काढला, टोपलीत भरला आणि थेट खतात ओतला. वहिनी गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसली होती. "तो परत आणा," ती म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, सगळा? ती म्हणाली, "सगळा." अडुसष्ट वर्षांच्या माणसाने कुजका पाला खतातून उपसून परत काठावर आणून ठेवला. शेजारणी बघत होत्या. बघोत.

मी दुपारी आडवा झालो की ती डाव्या हाताने दाताळं ओढायची. मी रागवायचो, ती ऐकायची नाही. पण काम काही उरकेना. दुपारचा वारा सुटला की सकाळचं सगळं पाण्यात. माघात एके दिवशी काठाजवळ पाणी काळसर दिसलं आणि मला बारीकसा वासही आला. वहिनीला तो आलाच असणार. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी मागे गेलो, तर पाण्यावर पान नाही. काठाला नवा, ओला ढीग. वहिनी तर दवाखान्यात गेलेली, मेघालीबरोबर, म्हणजे सुनेबरोबर. पलीकडे बघतो तो कंपनीच्या गणवेशात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शैलेश.

"काय रे, तुला तर बुजवायचाय ना?"

"बुजवायचाय," तो दाताळं धुता धुता म्हणाला. "पण आईचा हात मोडला म्हणून वास आला, तर ते काय जिकणं झालं, काका?"

"मग ढीग इथे कशाला ठेवलास?"

"रातभर ठेवायचा असतो ना?" जसं काही मलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून सकाळची पाळी माझी, फर्स्ट शिफ्ट सुटली की त्याची. वहिनीला आम्ही बोललो नाही. तिने विचारलं नाही. दुसरा ढीग तिला दिसत नव्हता, असं मात्र नाही.

होळीच्या सकाळी वहिनी प्लॅस्टर काढलेला, वाळकुडा हात मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. शैलेश काठावर उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं. परत हुंगलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हां, मुरूम भरलाय ना? या घेऊन," तो म्हणाला.

वहिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. माझी जीभ शिवशिवायला लागली, आता याला चांगला धुतो म्हणून.

"मागच्या दारापासून काठापर्यंत टाकतो," शैलेश तिच्याकडे न बघता म्हणाला. "तितंच घसरली ना तू."

वहिनीने डाव्या हाताने डोळे पुसले. मग तिची नजर काठावरच्या ढिगाकडे गेली.

"आज नको," ती म्हणाली. "आजचा पाला तितंच पडलाय. गाडी उद्या बोलव."

मी कपाळाला हात लावला. शैलेशने मुकाट्याने फोन लावला. पलीकडून ड्रायव्हरने कारण विचारलं असावं.

"पाल्यात जीव हायेत," शैलेश म्हणाला. "ते पयले पाण्यात जाऊ देत."