झेनॉनच्या घरातले रुसलेले काका

माझी धाकटी बहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर ती घरबसल्या पाठ्यपुस्तकांसाठी रेणूंची चित्रं करते. संगणकावर एक अणू ठेवायचा, त्याला बाकीचे जोडायचे, रेणू हवा तसा फिरवायचा आणि चित्र पाठवून द्यायचं. लग्न केलं नाही, गाणंबिणं येत नाही, देवाधर्माचं वेड नाही. काम काढून घेतलं तर बाई म्हणून मागे काय उरेल, मला सांगता येणार नाही.

म्हणून त्या पाठ्यपुस्तकांच्या संपादिकेचा फोन तिच्याऐवजी माझ्या मोबाइलवर आला, तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकू लागले. "मावशी, त्यांना विचारायची हिंमत होत नाही. झेनॉन टेट्राफ्लोराइड चपटा असतो ना? त्यांनी एक पाय वर, तीन खाली फाकलेला पाठवलाय. परत पाठवला, तर पुन्हा तसाच आला."

मी तडक तिच्या खोलीत गेले. "पाणी करून दाखव."

"परीक्षा घेतेस माझी?"

"हो."

तिने ऑक्सिजन ठेवला. हायड्रोजन प्रोग्रामनेच चिकटवले, कोनही त्यानेच वाकवला. "घ्या पाणी!" अमोनियाही तसाच झाला. मला हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं, यात तिने काहीच केलं नव्हतं.

"आता झेनॉनचा कर."

तिने मध्ये झेनॉन ठेवला, भोवती चार फ्लोरिन जोडले आणि 'नीट करा' हे बटण दाबलं. कार्बनच्या साध्या रेणूंना ते बटण छान वळण लावतं. झेनॉनपाशी त्याची अक्कल संपते. चार हात दिसले की एक वर, तीन खाली, असे फाकव. हे मला शिकवलं कुणी? तिनेच. "बटण म्हणजे कारकून गं, डोकं आपलं वापरायचं."

"चुकलंय," मी म्हणाले.

"कसं चुकेल? बटणाने केलंय."

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. रेणू जरासा थरथरायचा आणि होता तसाच बसायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर धावून येणारी ही बाई आता माझ्याकडे वळली, चेहरा पांढराफटक. "ताई, तो चपटा का असतो, सांग ना. मला ठाऊक होतं गं. आत्ता होतं."

मग मी तिचाच वर्गातला विनोद तिला ऐकवला. "झेनॉनकडे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतात. म्हणजे घरातले दोन रुसलेले काका. कुणाशी बोलत नाहीत, पण जागाही सोडत नाहीत. एक माळ्यावर बसलाय, एक तळघरात. मग बिचारे चार फ्लोरिन काय करणार? मधल्या मजल्यावर अंग चोरून चार भिंतींना टेकतात. झाला चपटा."

ती खो खो हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "कसलं छान सांगतेस! कुठे शिकलीस गं?"

मी बाहेर येऊन संपादिकेला फोन लावला. "उरलेली चित्रं दुसऱ्या कुणाला दे. तिला आता जमत नाही." एवढं बोलून मी फोन ठेवला.

आतून हाक आली, "ताई, कुणाचा फोन? काम असेल तर घे. आज माझा हात मस्त चालतोय."