प्रश्नालाही गुण

वलवणच्या शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवत होते. मुलांना काय समजलंय ते तपासायला लेखी चाचणी असते, प्रकल्प असतो, प्रात्यक्षिक असतं. पण मला सगळ्यांत आवडते ती तोंडी. मूल समोर उभं असतं, त्यामुळे त्याचं कुठं अडलंय ते तिथल्या तिथं कळतं. त्या वर्षी मात्र एका मुलीनं मला विचार करायला लावला.

तिच्या वडिलांचं लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीचं दुकान होतं. मुलगी हुशार, पण बोलताना अडखळायची. पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत मागून कुणीतरी तो पुरा करून टाकायचं. पहिल्या सत्रात ती उत्तर माहीत असूनही न बोलता जागेवर जाऊन बसली होती. तिला शून्य देणं मला पटत नव्हतं आणि दया म्हणून गुण देणं तर मुळीच नाही.

दुसऱ्या सत्रात मी वर्गाला सांगितलं, "या वेळी प्रश्न तुम्हीच एकमेकांना विचारायचे. उत्तराला गुण आहेत, तसे प्रश्नालाही आहेत. आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी शब्द पुरवायचा नाही."

मुख्याध्यापकांच्या कानावर हे गेलं. "बाई, परीक्षा आपण घ्यायची की मुलांनी?"

"धडा समजल्याशिवाय चांगला प्रश्न सुचत नाही, सर. तुम्हीच येऊन बघा."

ते खरंच आले आणि मागच्या बाकावर बसले.

मी त्या मुलीला आधी बाजूला घेऊन विचारलं होतं, "प्रश्न लिहून देतेस का? मैत्रीण वाचेल." तिनं नकारार्थी मान हलवली. "मी... मीच विचारीन, बाई."

तिची पाळी आली. पहिल्या शब्दाला बराच वेळ गेला. एकानं तोंड उघडलं, तर शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

"ध... धरणाचं पाणी खाली सोडून वीज करतात. मग खाली पो... पोचलेल्या पाण्यातलं काय कमी होतं?"

मग एक शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला, "पाणीच कमी व्हतं."

"नाही."

"मग त्याची ताकद जाती."

"कसली ताकद?"

तो डोकं खाजवत राहिला आणि एकदम ओरडला, "वरून पडायची!"

"हां!" ती हसली.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, "मग ताकद गेलेलं पाणी शेताला चालेल का गं?"

हा प्रश्न ठरलेला नव्हता. ती मात्र त्यांच्याकडे वळून उभी राहिली. तेही थांबले, घाई केली नाही.

"चा... चालेल, सर. पाणी तेवढंच आहे. फक्त उंचावरून खाली आलंय."

बाहेर पडताना सर म्हणाले, "सातवीची तोंडीही अशीच घेऊ या."

पालकसभेला तिची आई आली. प्रगतिपुस्तक हातात घेऊन तिनं हळूच विचारलं, "बाई, तोंडीचे गुण असेच दिलेत का?"

"असेच मी कुणालाच देत नाही. तिनं मिळवलेत."

आईनं माझा शेरा वाचला: नेमका प्रश्न विचारते. मग म्हणाली, "अडखळते ते लिहिलं नाही तुम्ही."

"मी विज्ञान तपासलं, ताई. त्यात ती कुठंच अडखळत नाही."

मुलगी तोवर आईचा हात ओढत होती. भिंतीला टेकवून ठेवलेला तिचा प्रकल्प तिला दाखवायचा होता, आणि तो समजावूनही तीच सांगणार होती.