प्रियदर्शनीनं दाखवलेली जागा

उमापूरच्या प्रियदर्शनीला समुद्राच्या पोटातलं दिसतं, ही बातमी गावात कधी जुनीच झाली नाही. तसं तिचं काम असं: जहाजामागे काही किलोमीटर लांब केबल ओढायची, पाण्यात हवेचे धमाके करायचे, आणि तळाखालच्या थरांवर आपटून आलेला आवाज केबलमधल्या यंत्रांनी टिपायचा. त्यावरून कुठे गाळ, कुठे खडक, याचं चित्र तयार होतं. ते वाचायची नोकरी तिची. पण एवढं ऐकायला गावाला सवड कुठे! पोरीला जमिनीखालचं दिसतं, एवढ्यावर गाव खूश.

गेल्या चैत्रात ती सुट्टीवर आली, तेव्हा राधाकिशनकाकांची मोसंबीची बाग सुकत चालली होती आणि नवा बोअर घ्यायचा होता. तळहातावर नारळ धरून पाणी पाहणारे आप्पा सकाळीच रानात आले होते. काकांनी त्यांना हसून बाजूला केलं.

"आप्पा, नारळ ऱ्हाऊ द्या आता. आमची पोरगी हाय की. दाव गं, कुठं घ्यायचा?"

याच काकांनी घरादाराशी भांडून तिला शिकायला धाडलं होतं.

उमापूरच्या रानाखालचा काळा खडक पार समुद्राखालीही गेलेला आहे. त्यात आवाज शिरला की विस्कटतो, खालचं चित्र धूसर येतं. तिथे एवढी यंत्रं असूनही ती 'सांगता येत नाही' असं लिहून द्यायची. इथे तर हातात काहीच नव्हतं. पण पंधरा-वीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते बघणं आवडलं. तिनं ऐटीत बांधाकडे बोट दाखवलं.

सहाशे फुटांपर्यंत नुसती दगडाची भुकटी उडाली. जूनपर्यंत बाग वाळली. काकांनी स्वतः कुऱ्हाड चालवली, आणि वर गावभर सांगितलं, "पोरीचं काय चुकलं? खडकच बेइमान हाय." फोनवर ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीला ती घरी आली. मुक्ताबाई काकूनं चहा हातात दिला.

"बाग पुन्यांदा लावायची हाय. उद्या बोअरला दुसरी जागा दाव बाई. तुजे काका दुसऱ्या कुनाला इचारीत न्हाईत."

"काकू, मला काहीच दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हतं."

काकू चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "मंग बोट कावून दावलंस?"

"लोक बघत होते म्हणून."

दारात काका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अन् मी आप्पाला चारचौघांत हसलो गं, तुज्या भरवशावर," ते म्हणाले, आणि पायांत चपला सरकवून आप्पांच्या घराकडे निघाले.