दुप्पट करंटचं निकेल

"मॅडम, करंट डबल केला तर काम अर्ध्या वेळात होते. एवढं साधं गणित तुमाले काहून समजत नाई?"

हे आमचे शेठजी, सौंसरजवळच्या प्लेटिंग युनिटचे मालक. मी तिथली केमिस्ट. टाकीत होते पांढुर्ण्याच्या एका पॅकिंग हाऊसचे लोखंडी रोलर. मशीनमध्ये या रोलरवरून फिरत संत्री लहान-मोठी वेगळी होतात. गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर निकेलचा पातळ थर द्यायचा होता. हंगाम तोंडावर होता.

प्लेटिंगमध्ये वस्तू निकेलच्या द्रावणात बुडवून वीज सोडतात. निकेल तिच्यावर कणाकणाने बसतं. सावकाश बसलं तर थर दाट आणि गुळगुळीत होतो. घाई केली की जिथे आधीच जरा उंचवटा असतो तिथेच जास्त निकेल जमतं, त्यामुळे तो आणखी वाढतो. शेवटी दाणे उठतात. यातही गणित आहे, पण ते शेठजींचं नव्हे.

शेठजींनी स्वतः नॉब फिरवला. रोलर निघाले ते कडांना काळपट आणि हाताला कारल्यासारखे.

"बफिंग मारा," शेठजी म्हणाले. बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चमक आणणं.

"दाणे मुळासकट निघतील, शेठजी. खालचं लोखंड उघडं पडेल."

"चमकतीन तर ना? मंग?"

बफिंग झालंच. मी टेस्ट रिपोर्टवर 'नॉट ओके' लिहिलं. शेठजींनी मेहुण्याला बोलावलं. तो तोवर गेटपास लिहायचा. त्या दुपारी तो क्वालिटी हेड झाला. त्याने रोलरमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि नव्या रिपोर्टवर सही ठोकली. मला स्टोअरमध्ये बसवलं. ॲसिडचे कॅन मोजता मोजता मी नागपूरच्या नोकऱ्या शोधत होते. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं.

दहा दिवसांनी पॅकिंग हाऊस चालवणाऱ्या वनिताताई आल्या. सोबत एक रोलर आणि क्रेटभर संत्री. सालीवर ओरखडे, त्यात गंजाचे डाग.

शेठजींनी एक संत्रं रुमालाने पुसलं. डाग राहिला, रुमाल खराब झाला.

"तुमच्या इकडचं पानी खराब असन, ताई."

"पानी तेच हाये. मागच्या साली तुमीच प्लेटिंग केलेले रोलर त्याच पान्यात अजून चालून राहिले. हे पास कोनं केले?"

मेहुणा माझ्याकडे पाहू लागला. मी फायलीतून दोन्ही रिपोर्ट काढून ताईंसमोर ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले.

"शेठजी, मॅडमनं तं नाई म्हनलं होतं."

सगळे रोलर परत आले. जुना थर उतरवून जुन्याच करंटवर पुन्हा प्लेटिंग केलं. तीन दिवस मी टाकीजवळून हलले नाही. रोलर गुळगुळीत निघाले, ताईंनी नेले. पुढचं काम मात्र त्यांनी नागपूरला दिलं.

मी पुन्हा लॅबमध्ये आहे. मेहुणा अजून क्वालिटी हेडच आहे. खुर्ची नवी आणली होती, ती परत कशी करणार? केमिस्टचं म्हणणं आमच्याकडे जरूर ऐकतात. फक्त ते गिऱ्हाइकाच्या तोंडून यावं लागतं.