उपास कोणता, पाण्याचा की साबुदाण्याचा?

सौसरच्या मंगल कार्यालयात पाण्याच्या उपासावर व्याख्यान झालं. व्याख्यात्यांना तीन हार आणि एक शाल मिळाली. तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहा, शरीर स्वतःची दुरुस्ती स्वतःच करतं, असं सांगून ते पंगतीला बसले. गुलाबजाम त्यांनी दोनदा घेतले. मी शेजारीच होतो.

माझ्या थोरल्या भावानं मात्र ते मनावर घेतलं. त्याला कित्येक वर्षांपासून शुगर आहे, रोज दोन गोळ्या. दोन दिवसांनी मी पांढुर्ण्याहून रामाकोन्याला त्याच्या घरी गेलो, तर तो खाटेवर बसलेला. जानेवारीची सकाळ आणि सदरा घामानं ओला. हातातला तांब्या थरथरत होता.

"काय करून राहिला, भाऊ?"

"उपास करून राहिलो. कालपासून नुसतं पाणी."

"अन् गोळ्या?"

"घेतल्या ना. डाक्टरले फोन केला होता. म्हणे, उपास असला तरी गोळी सोडू नका."

"तू त्याले काय सांगितलं?"

"उपास आहे म्हणून सांगितलं. अजून काय, कुंडली सांगू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, वर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. एरवीपेक्षा दोन घास जास्तच. डॉक्टरही इथलाच. त्यानं उपास ऐकला आणि उसळ समजला. इकडे गोळी रिकाम्या पोटी रक्तातली साखर उतरवत होती.

वहिनीनं साखरेचं पाणी आणलं. भावानं तोंड फिरवलं. "उपास मोडते."

"मोडू द्या. मी नवा करून देईन."

तो प्याला. पंधरा-वीस मिनिटांनी हात स्थिर झाला. मी डॉक्टरला फोन लावला.

"नुसतं पाणी? अहो, मला वाटलं साबुदाणा!"

त्यानं लगेच दवाखान्यात बोलावलं. तपासून झाल्यावर म्हणाला, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं हा उपास आपल्या मनानं करायचाच नाही. गरोदर बाईनं नाही, किडनीच्या आजाऱ्यानं नाही, आधीच वाळलेल्यानंही नाही. फायद्यांबद्दल तो व्याख्यात्याइतका ठाम नव्हता. वजन उतरतं, काहींची शुगर सुधारते, बाकीचं अजून तपासणं चालू आहे म्हणाला. त्याच्या त्या 'अजून'वर माझा विश्वास बसला.

मलाही आता पाण्याचा उपास करून पाहावासा वाटला. मला तपासून त्यानं एका दिवसाची परवानगी दिली. चक्कर आली तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पातळ वरणभातानं सोडायचा, पंगतीनं नाही. मी केला. चमत्कार झाला नाही. फक्त चारच्या सुमारास आलेली भूक अर्धा तास बसली आणि आपणच उठून गेली. इतकी वर्षं मी तिला भजे खाऊ घालत होतो.

भावाच्या गोळ्या डॉक्टरनं बदलल्या. तो आता सातला जेवतो आणि मग सकाळपर्यंत काही खात नाही, तेही डॉक्टरला विचारून. शुगर उतरू लागली आहे. दवाखान्यात आता कुणी उपास म्हटलं की डॉक्टर आधी विचारतो, "पाण्याचा की साबुदाण्याचा?" भाऊ ते ऐकून छाती फुगवतो. "माह्यामुळं विचारून राहिला तो."