सासऱ्यांनी निवडलेली फायरवॉल

माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, ही गोष्ट सरकारी कागदापुरतीच खरी होती. घरी आल्यावर त्यांनी साताऱ्यातल्या आपल्या तीन खोल्यांची छावणी करून टाकली. पहाटे ते खाकरले की किल्ल्यावरचे कावळे उठायचे. गल्लीतल्या कोंबड्यांनी तर आरवणंच सोडलं होतं, एका कामाला दोघं कशाला म्हणून.

मी त्या छावणीतला घरजावई. मूळचा माण तालुक्यातला. इथल्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा सासरे म्हणाले, खोली मिळेपर्यंत राहा. मग मी जी खोली बघावी तिच्यात त्यांना खोट सापडायची. एकीचा मालक तिरका बघतो, एकीला पाण्याची टाकी लहान, आणि एकीत म्हणे शत्रू परसातून येऊ शकतो. अशी वर्षं गेली. कुठं चाललो ते सांगितल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नसे, आणि एवढं असून हाक मात्र 'पाव्हणं'!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी घरात कॉम्प्युटर आणला, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं. मशीन अर्थातच बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या पदकांच्या फ्रेमखाली. त्याच मशीनवर एके दिवशी बंगलोरच्या कंपनीची मेल येऊन पडली. पुण्यात मी गुपचूप मुलाखत देऊन आलो होतो आणि माझी निवड झाली होती. शनिवारी दुपारी बाराच्या आत मेलनंच होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मेल बायकोला दाखवली.

"जाऊ या," ती म्हणाली. "पण आबांना तुम्ही सांगा."

"तुझे वडील आहेत."

"म्हणूनच."

मी सांगणार होतो, देवाशपथ. तोंड उघडलंही होतं. पण त्याच सकाळी सासऱ्यांनी पेपरात वाचलं की चोर आता टेलिफोनच्या तारेतून घरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतात. पेपर खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, ह्या यंत्रावर पहारा कुणाचा?"

"कुणाचाच नाही, मामा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीच्या एसटीत. साताऱ्यात काय दुकानं नव्हती? होती. पण पहारेकरी ओळखीतनंच घ्यायचा असतो, आणि सांगलीत त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताचा मुलगा कॉम्प्युटरचं दुकान चालवत होता. त्यानं आमच्यापुढं दोन सीड्या ठेवल्या.

"काका, ही पहिली फायरवॉल गप काम करती. काय अडवायचं, काय सोडायचं, तिचं ती बघती. तुमाला कळायचंबी न्हाई."

"आन ही?"

"ही लय इचारती. मशीनमधला कुठला प्रोग्रॅम बाहेर जाया निघाला की पडद्यावर चौकट येती, सोडू का नको? तुमी व्हय म्हणाल तवाच त्यो जाणार."

मी पहिल्या सीडीवर अशी झडप घातली की शेजारचा प्रिंटर पडता पडता वाचला. हीच उत्तम, अमेरिकेत सगळे हीच वापरतात, असं मी ठोकून दिलं. अमेरिकेतलं मला कुत्रंही ओळखत नव्हतं.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. "जो संतरी हटकत न्हाई, त्यो झोपल्याला असतो. दुसरी दे रं."

"मामा, ती दिवसभर विचारत बसेल."

"बसू दे की. मला तरी दुसरं काय काम हाय?"

वर त्या शहाण्यानं सांगितलं की हिला पासवर्ड घालता येतो, मग आपण दिलेलं उत्तर दुसऱ्या कुणाला बदलता येत नाही. त्याला तिथंच उसाच्या चरकात घालावं असं मला वाटलं. परतीच्या प्रवासात सासऱ्यांनी ती सीडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, पकडलेला कैदी न्यावा तशी.

शुक्रवारी फायरवॉल बसली. पासवर्ड सासऱ्यांनी स्वतः घातला, कीबोर्डवर टॉवेल धरून. मग मशीनशेजारी स्टूल मांडलं आणि ते त्यावर बसले ते बसलेच. फिरणं बंद, कट्टा बंद. जेवणाचं ताटसुद्धा स्टुलावर.

दुसरी वाट होती का? एसटीडी बूथ होते, पण कंपनीला होकार मेलनंच हवा होता, आणि आमच्याकडचे बूथ सगळे माजी सैनिकांना मिळालेले. मी फोनचा आकडा फिरवायच्या आत सासऱ्यांना खबर गेली असती. इंटरनेट असलेली घरं गावात बोटावर मोजण्याइतकी, आणि माझ्या माहितीतली सगळी त्यांच्याच रोजच्या उठण्याबसण्यातली. साताऱ्यात मी शिंकलो तरी त्याचा रिपोर्ट घरी माझ्या आधी पोचायचा.

शनिवारी अकरा वाजून गेल्यावर मी मशीनपुढं बसलो. होकार लिहिला, पाठवायचं बटण दाबलं. टपकन चौकट आली.

"थम!" सासरे ओरडले. "कोण चाललंय?"

"मेल आहे, मामा."

"कुठं?"

"बाहेर."

"बाहेर तर चंद्रबी हाय. कुठं?"

"ऑफिसला. कामाची आहे."

"कारखान्याला आज सुट्टी हाय न्हवं?"

"तातडीचं आहे."

त्यांनी माउस हातात घेऊन 'नाही' दाबलं, आणि त्याआधी, दुकानदारानं शिकवल्याप्रमाणं, 'हेच उत्तर कायम लक्षात ठेव' या चौकोनात खूणही केली.

मी पुन्हा बटण दाबलं. आता चौकटसुद्धा येईना. मेल जागच्या जागी पडून. पुढची सगळी वर्षं मला त्या पडद्यावर दिसली. हीच खोली, हेच स्टूल, आणि माझी न झालेली पोरंसुद्धा शाळेला निघताना कुठं चाललो ते सांगतायत. घड्याळाचा काटा तर बाराकडे पळतच सुटला होता.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "आबा, त्यांना बंगलोरला नोकरी लागलीया. बारापर्यंत कळवायचंय."

"त्यांना?" सासरे म्हणाले. "आन तू?"

"मीबी जाणार."

मग ते माझ्याकडे वळले. "फाटकावर खोटं का बोललासा, पाव्हणं?"

"तुम्ही सोडलं नसतं."

"इचारलंसा का?"

जगाला गप्पांत गुंडाळणारा मी, पण त्या माणसाला कधी सरळ विचारलं नव्हतं.

सासरे स्टुलावरून उठले, मला उठवून माझ्या खुर्चीत बसले. "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा. पासवर्ड घालायचाय."

मी वळलो, बायको वळली. काय झालं ते बघायला आलेल्या सासूबाईंनाही उलथन्यासकट वळवण्यात आलं. मागं एकेक कळ वाजू लागली. बोटागणिक एवढा वेळ, की मध्ये माणसानं आंघोळ करून यावं. एवढ्या बोलण्यात इंटरनेटचा फोन तुटला होता, तो त्यांनी पुन्हा जोडला आणि मोडेम किंचाळायला लागला. मग एक टिचकी. मग काहीच नाही.

"गेली का, मामा?"

"गेली."

आम्ही वळणार, तोच ते म्हणाले, "वळायला कुणी सांगितलं?" पण आवाज पार खाली गेला होता.

"आवं, माझी भाजी करपाय लागलीया," सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

"करपू दे."

मागं नाक शिंकरल्याचा आवाज आला. बायकोनं मान वळवायला घेतली तर सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. आम्ही तिघं भिंतीकडं बघत उभे राहिलो, आणि वांग्याचा धूर बाहेरच्या खोलीत भरत गेला.